ताकातला कोळसा आणि उलटा सातवा खंड

मी, खाली सही करणार, वय वर्षे त्र्याहत्तर, धंदा पुस्तकबांधणी (चार वर्षांपूर्वी बंद), हे मृत्युपत्र स्वतःच्या हाताने, कुणाच्याही दडपणाशिवाय आणि गेल्या कित्येक वर्षांत आली नव्हती एवढ्या मजेत लिहीत आहे. डोके ठिकाणावर असल्याचा डॉक्टरांचा दाखला सोबत जोडला आहे. त्यात "जीभ काळी, बाकी सर्व ठीक" असे लिहिले आहे. त्याचा खुलासा कलम चारमध्ये होईल.

कलम एक. दहा वर्षांपूर्वीचे माझे मृत्युपत्र रद्द समजावे. विशेषतः "माझ्या धाकट्या भावास अंत्यविधीच्या वेळी फाटकाच्या आत घेऊ नये" हे वाक्य. त्यापुढे मी हट्टाने "बाहेरही उभे करू नये" असे घालून घेतले होते, तेही रद्द.

कलम दोन. राहती जागा, म्हणजे दोन खोल्या आणि स्वयंपाकघर, माझ्या मुलीस. पुढच्या दाराची कडी वर उचलून ढकलावी लागते. जावईबापू ती दुरुस्त करणार आहेत, याला सहा वर्षे झाली. आता मुदतवाढ देऊ नये. बँकेतली ठेवही मुलीचीच. ती तिने स्वतःच्या हिंडण्याफिरण्यावर उडवावी. रंगरंगोटीत घातल्यास मला वर चैन पडणार नाही.

कलम तीन. खिडकीजवळची आरामखुर्ची खालच्या औषधवाल्यांना. वीस वर्षे ते वर येऊन तिच्या हातावर बसून माझे वर्तमानपत्र वाचत आले. आता नीट टेकून वाचावे.

कलम चार. माझा तंबाखू ओढायचा, ब्रायरच्या लाकडाचा पाइप मुलीस. तिने तो ओढू नये आणि आतून पुसूही नये. का ते सांगतो.

गेल्या महिन्यात माझ्या वाढदिवशी सकाळी दारात एक पुडके आले. आत नवाकोरा पाइप आणि चिठ्ठीवर एकच शब्द, "दादास". खाली नाव नव्हते, पण "द"ची शेपटी इतकी लांब ओढणारा माणूस जगात एकच. माझा भाऊ. त्याला आम्ही बारक्या म्हणतो. वय अडुसष्ट, वजन ब्याण्णव किलो. अकरा वर्षे आमचे बोलणे बंद होते. समोरून आलो तर दोघांतला एक जण रस्ता ओलांडायचा.

असा पाइप मी चौकातल्या दुकानाच्या काचेतून तीस वर्षे पाहत आलो होतो. बायको असेतो घरात धुराला मनाई होती आणि ती गेल्यावर तिची मनाई मोडवेना. हे बारक्याला ठाऊक होते.

मी पाइपच्या वाटीत बोट घातले, तर बोट काळे. आत सगळीकडे भुरकट काळा थर. कोऱ्या पाइपला काजळी कुठून आली? बोट चाटून पाहिले, चव आंबट. ओल्या रुमालाने लाकूड पुसले, तर रुमाल तांबडालाल. थर जाईपर्यंत आतूनबाहेरून खसखसून पुसले आणि पाइप तोंडात धरून आरशासमोर गेलो. जीभ काळी आणि ओठ नाटकातल्या राणीसारखे. अकरा वर्षांचे वैर आणि अचानक भेटवस्तू! मनात पाल चुकचुकली.

विषाच्या शंकेने डॉक्टरांकडे धावलो. त्यांनी नाडी पाहिली. तुमचे हृदय माझ्यापेक्षा बरे चालते आहे, पण पाइपला काय फासले आहे ते मला सांगता येणार नाही, असे ते म्हणाले. एवढ्याने माझे समाधान होईना. मरायचेच असेल तर आधी जाब विचारून मरावे, म्हणून पाइप पिशवीत घालून तडक बारक्याच्या दारात गेलो.

दार त्यानेच उघडले. त्याचेही ओठ तांबडेलाल होते. खांद्यावर टॉवेल, तोही तांबडा. पठ्ठ्याने दोन पाइप घेतले होते, एक मला आणि एक स्वतःला.

"तूही मरणार का रे?" मी विचारले.

"आधी आत ये," तो म्हणाला, "शेजारी बघताहेत."

पाणी पिऊन आम्ही दोघे चौकातल्या त्या दुकानात, पाइप बनवणाऱ्या बाईंकडे गेलो. बाई कानशीने एक नळी घासत होत्या. त्यांनी दोन्ही पाइप उजेडात धरले आणि आमची खरडपट्टी काढली. तो काळा थर म्हणजे ताकात कालवलेली कोळशाची भुकटी. नव्या लाकडाला पहिल्या जाळाचा चटका बसू नये म्हणून त्या तो मुद्दाम लावतात, आणि तो पुसायचा नसतो. बाहेरचा रंग पहिले काही दिवस ओलाव्याने सुटतो. कोरडे मऊ फडके फिरवत राहायचे, फडके स्वच्छ निघू लागले की झाले. सुरुवातीला वाटी अर्धीच भरायची. थर किती उरला आहे, असे त्यांनी विचारले. मी म्हणालो, काहीच नाही. बारक्याने तर पाइप साबणाने धुतला होता. बाईंनी कपाळाला हात लावला.

त्यांच्या दुकानाच्या पायरीवर बसून आम्ही इतके हसलो की उठता येईना. बाईंनी दोन दिवसांनी नवा थर लावून पाइप परत दिले. डॉक्टरांनी तंबाखू सोडा म्हटले आहे. मी "रविवार सोडून" असे ऐकले.

कलम पाच. त्या पायरीवर मी एक कबुली दिली. ती इथे नोंदवतो. अकरा वर्षांपूर्वी आमच्या सामाईक दुकानात वाचनालयाच्या बारा खंडांच्या कोशाची बांधणी झाली. सातव्या खंडाच्या पाठीवर सोनेरी अक्षरे उलटी उमटली. ग्रंथपालासमोर मी बोट बारक्याकडे दाखवले आणि त्याच दुपारी त्याला दुकानाबाहेर काढले. सदर अक्षरांचे ठसे मी स्वतः लावले होते. त्या दिवशी चष्मा सापडत नव्हता आणि ते कबूल करण्याची लाज वाटली. सबब चूक संपूर्णपणे माझी.

बारक्याने ऐकून घेतले. मग म्हणाला, "दादा, चष्मा माझ्या खिशात होता. गंमत म्हणून लपवला होता. संध्याकाळी देणार होतो, पण तू मला दुपारीच हाकललंस."

सबब चूक निम्मी त्याची. दोन्ही निम्म्यांची फेड झाली असून वारसांनी हा विषय पुन्हा उकरू नये.

कलम सहा. या जागी माझी सर्व हत्यारे, म्हणजे कात्र्या, सुया, कागदाची घडी दाबायची हाडाची घडीपट्टी, दाबयंत्र आणि अक्षरांचे ठसे, बारक्यास दिल्याचे लिहिले होते. ते खोडले आहे. काल त्याला हा मसुदा वाचून दाखवला, तेव्हा साक्षीदार कोण, असे त्याने विचारले. मी वकिलांचे म्हणणे सांगितले, की मृत्युपत्रात ज्याला काही मिळते त्याने साक्षीला सही करू नये, केली तर मिळालेले जाते. म्हणजे हत्यारे किंवा सही, दोन्हींतले एकच. बारक्याने माझ्या हातातले पेन घेतले. मी म्हणालो, घाई करू नकोस, घडीपट्टी बाबांची आहे.

तो म्हणाला, "हत्यारं माझ्याकडेही आहेत. तुझ्या कागदावर मात्र अकरा वर्षांत माझं नाव फक्त शिवी द्यायला आलं."

आणि पट्टी लावून त्याने स्वतःच दोन सरळ रेघा मारल्या. हत्यारे आता वाचनालयात फाटकी पुस्तके दुरुस्त करणाऱ्या बाईंना द्यावीत.

हे सर्व मी वाचून, समजून आणि मधूनमधून हसून लिहिले आहे.

ठिकाण: माझ्या घरातले जेवणाचे टेबल.
दिनांक: बारा मार्च, सकाळचे साडेअकरा.

सही: बाइंडर, थोरला.

साक्षीदार पहिला: डॉक्टर. नाते: नाही. या मृत्युपत्राने मिळालेले: काही नाही.

साक्षीदार दुसरा: बाइंडर, धाकटा. नाते: सख्खा भाऊ. या मृत्युपत्राने मिळालेले: काही नाही.