पालथं ताट

दादा,

चीवर घेतल्यापासून तुला भंते म्हणावं लागतं. पण माझा राग भावावर हाय, भंतेवर न्हाई.

तिकडं ब्रह्मदेशात लष्करानं सत्ता बळकावली तेव्हा आई तुझ्या काळजीनं रडली. मी मात्र तुझ्या विहाराच्या गल्लीतल्या त्या मा खिनवर जळत बसले. दर फोनला तिचंच कौतुक! गल्लीत शिपाई बंदुका घेऊन उभे, तरी ही भाजीवाली दारात पातेलं बडवून निषेध करती. "लई धाडसी बाई हाय, लुंबिनी," म्हणालास. मला कधी म्हणालास असं?

मी आपल्या उमरीकडच्या गावची सरपंच हाय, लोकांनी मतं देऊन निवडलेली. पण ग्रामसभेत माझ्या खुर्चीवर तुझे दाजी बसतात अन् मी आतून चहा पाठवते. तिला गप करायला अख्खी फौज लागती. मला ह्यांचं नुसतं खाकरणं पुरतं. म्हणून तर जास्त जळते.

तूच सांगितलं होतंस, लष्करवाल्यांची भिक्षा नको म्हणून तिथल्या भंतेंनी आपली भिक्षापात्रं पालथी केली. आज ह्ये सभेतून आले अन् "वाढ" म्हणाले. मी ह्यांचंच ताट पालथं करून समोर ठेवलं. म्हटलं, "माझी खुर्ची सोडा, मग सुलटं करते."

तिथं टपाल फोडून वाचतात म्हणे, म्हणून हे धाडत न्हाई. पण पुन्हा फोन लागला तर तिचं नंतर सांग. आधी माझं विचार.

तुझी सख्खी बहीण,
सरपंच लुंबिनी