संगीन नसलेली बंदूक

दि. ३ जून

चि. बारक्यास अनेक आशीर्वाद. रीत आहे म्हणून लिहिले, आज द्यायची इच्छा नाही.

खोका पोचला. बाबांच्या सगळ्या बंदुका आणि संगिनी नीट गुंडाळून पाठवल्यास, त्याबद्दल शाबास. पण सगळ्यात लांब बंदुकीची तिकोनी संगीन कुठाय? खोका दोनदा उपसला, भुसा चाळला. संग्रहालयाच्या शिपायाने विचारलं, बाई, सुई पडली का?

अरे, बाबांच्या नावाची अख्खी खोली मी तिच्या भरवशावर मांडलीय. आधीच्या संगिनीची मूठ थेट नळीच्या तोंडात खुपसायचे. खुपसली की बंदूक मुकी! मग कोणा शहाण्याने पात्याला कडं जोडून ते नळीवर बाहेरून चढवलं, आणि संगीन लावूनही गोळी झाडता यायला लागली. मला ते कडं दाखवायचंय. त्याच्या आधीची आहे, नंतरची सुरीसारखी आहे, मधलीच गायब. दुसरी आणून बसवू म्हणशील, तर जुन्या बंदुकांत एकीचं कडं दुसरीला बसेलच असं नाही, हे बाबांनी तुला शंभरदा सांगितलंय. पण तुझं लक्ष होतं कधी?

महिनाअखेर उद्घाटन आहे. माळा, पलंगाखाली, तुझा कारखाना, सगळं पालथं घाल. आईला जप.

लोभ आहे, पण संगीन मिळेपर्यंत तो कुलपात.

तुझी ताई


दि. ७ जून

ती. ताईस शि. सा. न. वि. वि.

संगीन हरवलेली नाही. मी कापली. कारखान्यात कटरखाली धरून तुकडे केले आणि भंगारात टाकले. थाप मारायचं ठरवलं होतं, पण मला थापा पचत नाहीत. का कापली ते विचारू नकोस. सांगणार नाही.

आता तू थयथयाट करशील, खुशाल कर. पण मला बाबा शिकवू नकोस. तू वसतिगृहात होतीस. दर रविवारी ते जेवणाच्या टेबलावर संगिनी मांडून तेल लावत बसायचे आणि त्या उचलेपर्यंत आई स्वयंपाकघरातून बाहेर यायची नाही. फडकं मी धरायचो. तुला पाहुण्यांसमोरचे बाबा ठाऊक आहेत, मला घरातले.

आई बरी आहे. हल्ली रात्रभर झोपते.

राग असला तरी लोभ असू दे.

बारक्या


दि. १० जून

चि. बारक्यास,

आशीर्वाद नाहीत. शत्रूने केलं नसतं ते तू केलंस! बाबांनी संग्रह माझ्या नावे केला हे तुला पहिल्यापासून खुपतंय, सरळ सांग ना. वर आईच्या आडून बोलतोस? जेवणाच्या टेबलाचं रडगाणं गाऊन भंगारातले तुकडे सांधले जाणार आहेत का?

या चिठ्ठीबरोबरच आईलाही पत्र टाकलंय. तिच्या लाडक्याचे प्रताप तिलाही कळू देत. पुन्हा माझ्या दारात येऊ नकोस.

ताई


दि. १४ जून

चि. ताईस अनेक आशीर्वाद.

भावाला शिव्या देणं आधी बंद कर. संगीन मी कापायला लावली. तो नको नको म्हणत होता. मी कारखान्यात स्टूल ओढून बसले आणि शेवटचा तुकडा पडेपर्यंत उठले नाही. तुला सांगू नकोस म्हणून बजावलं, तर त्या गाढवाने सगळं स्वतःवर घेतलं.

तुमचा मामा फौजेत तापाने गेला असं तुम्हाला सांगितलं होतं. ताप खराच, पण तो पोटातल्या जखमेमुळे चढला होता. लढाई कसली डोंबलाची! नवशिक्या पोरांना जुन्या बंदुका देऊन पळवत होते. हा पडला, मागच्याला थांबता आलं नाही. तसलीच तिकोनी होती. दवाखान्यात पट्ट्या मी बदलल्या.

लग्नानंतर तुझ्या बाबांना हे सगळं सांगितलं. नवऱ्याला नाही सांगायचं तर कोणाला? त्यांनी ऐकून घेतलं आणि विचारलं, कोणत्या बनावटीची होती. पुढे तसलीच शोधून घरी आणली. पाहुणे आले की तिकोनी जखम कशी मिटत नाही ते रंगवून सांगायचे, आणि मी चहाचा ट्रे धरून उभी. माणूस वाईट नव्हता गं. कधी हात उगारला नाही, काही कमी पडू दिलं नाही. पण त्यांना कधी कळलंच नाही, आणि मीही गप्प बसले. त्याची चीड आता या वयात आलीय. येऊ दे.

खोलीला बाबांचं नाव दे, मी आड येत नाही. बंदूक तशीच ठेव. पाटीवर नळी, कडं, जे काय ते लिही. पण संगीन का नाही हेही लिही, आणि खरं लिही, की असल्या संगिनीने एक एकोणीस वर्षांचा मुलगा सरावात मेला, म्हणून त्याच्या बहिणीने ही कापायला लावली. ते लिहायची लाज वाटत असेल तर बंदूकही परत पाठव. कटर चालू आहे.

वर दिलेले आशीर्वाद खरे आहेत.

तुझी आई