ग्रिगोरेची वरात

३ जुलै, बुडापेस्ट

पोहोचलो! स्टेशनबाहेर उन्हात आलो आणि ओतिलियाने पाठपिशवी खाली टाकून रस्त्यातच चक्क गिरकी घेतली. महिनाभराचा रेल्वेचा पास, दोघींत मिळून एक फाटका नकाशा आणि पुढचा बेत काहीच नाही. नियम एकच ठरलाय. स्टेशनातल्या फलकाखाली उभं राहायचं आणि जे नाव आवडेल त्या गाडीत बसायचं. सप्टेंबरपासून मी आमच्याच गावच्या शाळेत शिकवणार. घरात पदवीपर्यंत पोहोचलेली मी पहिलीच. मुलांना जग शिकवायचं तर आधी ते स्वतः पाहायला हवं, असं आईला पटवून मी निघाले. ओतिलिया म्हणते, मास्तरीणबाई, सुट्टीत तरी धडे नकोत. आईने दिलेली उकडलेली अंडी, टोमॅटो आणि मेंढीच्या दुधाचं चीज नदीकाठी बसून संपवलं.

निघतानाची एक गोष्ट मात्र मनात राहिली आहे, ती लिहून मोकळी होते. आमच्या शेजारचा ग्रिगोरे परदेशात बांधकामाच्या परांचीवरून पडून गेला. कागदपत्रांत अडकलेलं त्याचं प्रेत महिन्याने गावी आलं. वय माझ्याएवढंच. आमच्याकडे लग्नाआधी कुणी गेलं की अंत्ययात्रेतच त्याचं लग्न लावतात. एखादी कुमारी नवरी होऊन शवपेटीमागे चालते, बोटात मेणाची अंगठी घालते आणि मूठमाती देताना ती मोडून खड्ड्यात टाकते. मग ती सुटली. बायका आधी माझ्याकडेच आल्या होत्या. मी ठाम नाही म्हटलं. शिकूनसवरून हेच करायचं तर शिकले कशाला? ओतिलिया समुद्रकाठच्या शहरातली, आमच्याकडे पाहुणी आलेली. तिला ग्रिगोरेच्या आईचं रडणं बघवेना. ती नवरी म्हणून उभी राहिली. पण पाद्रीबाबांची प्रार्थना लांबली, गाडीची वेळ झाली आणि मूठमातीआधीच मी तिला हात धरून ओढून आणलं. बायका मागून ओरडत होत्या, अगं थांबव तिला, अशी नेऊ नकोस!

अंगठी अजून तिच्या बोटात आहे. म्हणते, राहू दे, उन्हाने वितळेल आपोआप.

६ जुलै, ग्रात्स

हे नाव ओतिलियाने निवडलं. का, तर ऐकायला बरं वाटलं म्हणून. गाडीत मरणाची गर्दी. लोक डब्यातल्या वाटेत पेट्यांवर बसलेले, आणि ओतिलियाच्या शेजारची जागा मात्र रिकामी. टोपली घेऊन उभ्या असलेल्या एका आजीबाईंना मी माझ्या मोडक्या जर्मनमध्ये म्हटलं, बसा ना. त्या जरा रागावल्याच. म्हणाल्या, तो तरुण मुलगा बाहेर गेला म्हणून त्याची जागा बळकावू होय? आम्ही दोघी तोंड दाबून हसलो. ग्रात्स येईपर्यंत त्या जागेवर कुणीच बसलं नाही.

संध्याकाळी हिंडलो. ओतिलियाला भूक नव्हती.

९ जुलै, त्रिएस्ते

भिंतींना हात लावला तरी भाजावं असं ऊन. फलाटावरचं डांबर मऊ झालंय. मेण वितळलेलं नाही. उलट कडक झालंय, थंडही. मी हसत हसत अंगठी ओढून पाहिली तर ओतिलिया किंचाळली. तिचं बोट ओढल्यासारखंच वाटलं मलाही. म्हणाली, राहू दे ना गं, तुला काय त्रास होतोय?

लॉजच्या मालकिणीने ओतिलियाला मोठ्या पलंगाची खोली दिली आणि माझी पिशवी उचलून माळ्यावरच्या खोलीत नेऊन ठेवली. मी हुज्जत घातली तर माझ्याच दंडाला चिमटा काढून म्हणाली, नव्या जोडप्याच्या खोलीत तुझं काय काम गं, निर्लज्ज!

मी हसले. ओतिलिया हसली नाही. मान खाली घालून खोलीत गेली आणि दार लावून घेतलं.

या सगळ्याला काहीतरी साधं कारण असणारच. उष्णता, अपुरं जेवण, दमणूक. मी तेच धरून राहणार.

१२ जुलै, बोलोन्या

ओतिलिया आता फलकाकडे पाहतच नाही. सरळ फलाटावर जाते. या शहरात ती कधी आलेली नाही, तरी आज सकाळी न विचारता गल्लीबोळ तुडवत एका पिवळ्या इमारतीसमोर थांबली. भिंतीवर तळवा ठेवून म्हणाली, हा गिलावा आमचा. पाठीचा काटा ढिला झाला होता तेव्हा. मी विचारलं, आमचा म्हणजे कुणाचा? ती एकदम रडायला लागली. म्हणाली, स्मारांदा, मला घरी ने. पुढच्याच क्षणी डोळे पुसून म्हणाली, उद्या जिनोवा.

आईला फोन केला. आधी शिव्या खाल्ल्या. आता आठवली होय आई, म्हणाली. मग मी गावांची नावं सांगितली तशी तीच एकेक सांगायला लागली. बुडापेस्टला ग्रिगोरे विटा वाहायचा. ग्रात्सला लाकडाच्या गिरणीत होता. त्रिएस्तेला जहाजं रंगवली. मग बोलोन्या. शेवटी जिनोवा. तिथेच तो पडला.

मेल्यावर चाळिसाव्या दिवसापर्यंत जीव आपल्या सगळ्या वाटा पुन्हा चालून येतो, आणि मग जातो. हे मीही लहानपणापासून ऐकलंय. न सोडवलेली नवरी त्याच्यामागे चालते, हे मात्र आईने आज सांगितलं. मी विचारलं, आणि तो जातो तेव्हा? आई म्हणाली, तेव्हा काय, बाई नवऱ्यामागे जाते.

चाळिसावा उद्या आहे.

आई म्हणाली, तो वाईट नव्हता गं पोरी. तुझ्यासाठी अक्रोड झोडपायचा. ओढाताण करू नकोस. त्याच्याशी नीट बोल.

कुणाशी बोलू? रिकाम्या जागेशी?

१३ जुलै, सकाळ

तिला अडवायला दोघींचे पास फाडून टाकले. पिशव्या स्टेशनातल्या कपाटात कुलपात ठेवल्या. ती रिकाम्या हातांनी गाडीत चढली. तपासनीस आला, आमच्यापाशी थांबला, टोपीला हात लावून पुढे गेला. तिकीट मागितलंच नाही.

तिचे ओठ निळे पडलेत. श्वास — आहे, पण फार वेळाने.

१३ जुलै, गाडीत

बोललो. बोलले. एवढी शिकलेली मी, भर डब्यात हात जोडून. समोरची बाई उठून दुसरीकडे गेली.

म्हटलं, ग्रिगोरे, ती पाहुणी आहे. तिला आपल्याकडचं काही ठाऊक नव्हतं. विचारलं मला होतं. नाही मी म्हटलं. तिला ओढूनही मीच नेलं. तिला सोड. काय मागायचं ते माझ्याकडे माग —

काहीच झालं नाही. मग ओतिलियाने डोळे उघडले. म्हणाली, मेले भुकेने!

बोट मोकळं. तिथे साधा व्रणही नाही. रडले, तिला कुरवाळलं. ती म्हणते, वेडी झालीस का गं?

दुपार

छोटं स्टेशन. ओतिलिया पाव आणायला उतरली. खिडकीखालून ओरडली, मास्तरीणबाई, चीज की हॅम? गालांवर रंग आलाय. किती दिवसांनी —

गाडी हलली.

ती पळतेय. पाव हातात. माझं नाव घेऊन ओरडतेय. दारापर्यंत गेले तर — साखळी ओढली तर अजून —

उठायला हवं.

पण त्याला आत्ताच डोळा लागलाय. किती दमलाय बिचारा, आणि त्याचं डोकं माझ्या खांद्यावर —