अकरा सेकंद

१४ नोव्हेंबर

प्रिय ताई,

नमस्कार. तुझ्या गुडघ्याचं कळलं, जिने टाळ. आईचा खोकला कमी आहे. हल्ली ती मला तुझ्या नावानं हाक मारते. मी ओ देते.

कॉलेज चालू आहे. नर्सिंगच्या दुसऱ्या वर्षाला मुलाखती घ्यायला शिकवतेय. मुलाखतींच्या संशोधनात आकडे नसतात, माणसाचं बोलणं हाच पुरावा. नियम दोनच सांगितलेत. उत्तर आधी ठरवून प्रश्न विचारायचा नाही. समोरचा गप्प झाला, तर आपण तोंड उघडायचं नाही.

पहिल्या नियमासाठी मी फळ्यावर तुझा प्रश्न लिहिते. "आई बरी आहे ना?" दर रविवारी फोनवर तू विचारतेस, मी हो म्हणते. रागावू नकोस. मुलींना पटकन कळतं.

मंगळवारी सरावाला उत्तरं द्यायला मीच समोर बसले. विषय, घरी रुग्ण सांभाळणारी माणसं. प्रश्न विचारायला शेवटच्या बाकावरची आली. मुली तिला मौनीबाबा म्हणतात.

"मॅडम, तुमचा दिवस कसा जातो, सांगाल?"

सांगितलं. औषधं, डायपर, बाहेरून कुलूप लावून कॉलेजला येणं. मग थांबले. ती नुसती बघत राहिली.

"अगं, विचार की पुढचं!"

नाही विचारलं. गुणी मुलगी.

मग मी म्हणाले, "परत जाऊन कुलूप उघडताना रोज वाटतं, आतून आवाज येऊ नये."

रेकॉर्डिंग शब्दशः उतरवायचं, हाही माझाच नियम. गुरुवारी अठ्ठावीस जणींनी त्या कागदांवर काम केलं. प्रत्येक वाक्यापुढे समासात त्याचा अर्थ लिहायचा. कुणी मान वर केली नाही. त्या वाक्यापुढे बहुतेकींनी 'थकवा' लिहिलं. मौनीबाबानं लिहिलं, 'कुलपाच्या आत दोघी'.

तास संपल्यावर ती थांबली. "मॅडम, संमतीपत्रात आहे ना, सहभागी कधीही माघार घेऊ शकतो. फाडू का हे?"

"राहू दे," म्हटलं. "कागदातून सुटून जाऊ कुठे?"

प्रत सोबत जोडली आहे. दुसऱ्या पानावर, '(शांतता, अकरा सेकंद)' च्या खाली ते वाक्य आहे. तुला तोंडानं सांगायला मला आईच्या आजारपणाची सहा वर्षं पुरली नाहीत.

पुढच्या रविवारी तो प्रश्न नको. मी गप्प झाले, तर फोन ठेवू नकोस.

तू येशील ना? असा प्रश्न मी वर्गात खोडायला लावते. इथे राहू देते.

पाकिटात दुसरी किल्ली आहे. उजवीकडे दोनदा फिरव.

तुझी,
जिला आई तुझ्या नावानं हाक मारते ती