ठकूची खुर्ची आणि माझी कवळी

प्रिय धाकटीस,

थोरलीचे पोटभर आशीर्वाद. आम्ही इथे सगळे ठीक आहोत. तुम्हीही ठीक असाल असं धरून चालते, कारण काही बिनसलं असतं तर तू एव्हाना फोन करून माझा कान खाल्ला असतास. भाऊजींचा गुडघा काय म्हणतो? त्यांना सांग, जिना चढताना कण्हायचं असेल तर खुशाल कण्हा, पण वरच्या बिऱ्हाडाचं नाव घेऊन कण्हू नका. तुझे उरलेसुरले दातही डॉक्टरांनी काढले असं कळलं. फार वाईट वाटलं. (खरं सांगायचं तर तेवढं नाही वाटलं. का, ते पुढे येईल.) मऊ मऊ खा, गरम पिऊ नकोस, आणि नवी कवळी कधी मिळणार ते मात्र लगोलग कळव.

फोनवरच सांगितलं असतं, पण फोनवर तू मध्ये मध्ये बोलतेस. पत्रात कुणी मध्ये बोलत नाही. माझी शाळा चौथीतच सुटली, तेव्हा अक्षर कोंबडीचे पाय असलं तरी हसायचं नाही, डोळे बारीक करून वाचायचं.

तर आपली ठकू. माझ्या थोरल्या मुलाची लेक, माझ्याकडे राहते, दिवसभर विमा कचेरीत खिडकीमागे बसून लोकांची बोलणी खाते ती. ती ते काळं वाद्य वाजवते, ओबो म्हणतात, सनईची लांबची गोरी बहीण समज. (गोरी म्हणजे माहेर तिकडचं, अंगाने काळीच आहे.) मी इतकी वर्षं समजत होते की वाद्य आणलं, फुंकलं, झालं. कसलं काय! वाद्य राहतं बाजूला, सगळा जीव त्याच्या टोकाला खोचलेल्या बोटाएवढ्या जिभलीत. तिला म्हणतात रीड. ती बाजारात मिळते, पण मिळालेली यांना पटत नाही. प्रत्येकाच्या ओठाला वेगळी लागते म्हणे, म्हणून ही माणसं आपली आपण बनवतात. बोरूसारखी पोकळ काडी असते, ती तासायची, भिजवायची, दुमडायची, नळीवर दोऱ्याने आवळायची, आणि मग पात्याने खरवडत बसायचं, कांद्याच्या पापुद्र्यातून दिसावा तसा उजेड दिसेपर्यंत. एक घाव जास्त पडला की गेली. आणि इतकं करून जमली, तरी महिन्याभरात म्हातारी होऊन मरते! मी ठकूला म्हटलं, अगं, यापेक्षा स्वेटर विणला असतास तर दोन हिवाळे तरी टिकला असता.

रविवारी तिचे मास्तरही येतात. ते वाजवतात बासून, म्हणजे ओबोचे आजोबा, जिन्याच्या कठड्याएवढे उंच. त्यांच्या रीडा माझ्या अंगठ्याएवढ्या रुंद. आमच्या जेवणाच्या टेबलावर उजेड चांगला पडतो, तेव्हा दोघं तिथेच पाती, दोरे, भिजवायच्या वाट्या मांडून बसतात. बोलायचं नाही, चालायचं नाही, दार आपटायचं नाही. घरभर भुसा. मास्तरांच्या मिशीतसुद्धा भुसा. (मी एकदा पदराने झटकायला गेले, तर ते खुर्चीसकट मागे सरकले.) रीड तयार झाली की वाद्याला न लावता नुसतीच तोंडात धरून फुंकतात, आणि ती कावळ्यासारखी ओरडली पाहिजे. गोड आवाज आला की दोघांची तोंडं पडतात. घसा फाटल्यासारखी ‘क्रा’ झाली की आनंदीआनंद. असं घर आहे आमचं.

आता मुद्द्याचं ऐक. ओबो तोंडात धरायचा तर दातांवर ओठ आत दुमडून घ्यावे लागतात. ठकूला ते जमायला वर्ष गेलं. एका रविवारी मी कवळी काढून शेंगा सोलत बसले होते. मास्तरांनी माझ्या तोंडाकडे बघितलं, परत बघितलं आणि म्हणाले, “आजी, तुमचं तोंड तर तयारच आहे की!” मी म्हटलं, मेल्या, चेष्टा करतोस? पण माणूस गंभीर. त्यांनी एक टाकाऊ रीड दिली, मी फुंकली, आणि धाकटे, असा कावळा ओरडला की खालच्या मजल्यावरचे वकील गॅलरीत येऊन आभाळाकडे बघू लागले.

तिथून मला नोकरी लागली. नव्या रीडा एकदम वाजवून चालत नाही, रोज थोडं थोडं फुंकून मुरवाव्या लागतात. ठकू कचेरीत असते, मी घरी मोकळी, तोंड मोकळं, दातही नाहीत. पहिल्यांदा तिने नाक मुरडलं, ई आजी, थुंकी! मी म्हटलं, लहानपणी माझ्या तोंडातला घास काढून घ्यायचीस तेव्हा नाही ई झालं? मग स्वतःच वाटी माझ्यापुढे सरकवली. दुपारी मी रेडिओ लावते आणि वाटीतल्या रीडांना एकेक करून बोलतं करते. एक तर इतकी हट्टी होती की ठकूने कचऱ्यात टाकली. मला दया आली. मी तिला काढून, धुऊन, माझ्या कवळीच्या डबीत ठेवली. निवडण-टिपण करताना ती आपली माझ्या तोंडात. कुणी विड्या ओढतं, मी रीड.

इथपर्यंत सगळं हसण्यावारी. पण ठकूचं मन मला ठाऊक होतं. वाद्यवृंदात ओबोची खुर्ची, म्हणजे जागा, क्वचित रिकामी होते. ती आजवर बदलीवर जायची, कुणी आजारी पडलं तर. आता कायमची खुर्ची रिकामी झाली होती आणि निवड होती. मागच्या खेपेला नाव आलं नाही तेव्हा ती हसत घरी आली आणि न्हाणीघरात नळ सोडून बसली होती. यंदा म्हणाली, आजी, यावेळी नाही झालं तर ओबोची पेटी माळ्यावर टाकते, पुरे झालं. हे तिने पोळीला तूप लावता लावता, मान वर न करता सांगितलं. म्हणून मला खरं वाटलं.

निवडीच्या सकाळी मीही जाणार होते. नवी साडी नेसले, अंबाडा घातला, आणि परक्या माणसांत जायचं म्हणून कवळी घातली. ठकू आत इस्त्री करत होती. तिची सगळ्यात लाडकी रीड टेबलावर वाटीत भिजत होती. रोजची सवय गं! मी जाता जाता उचलली, तोंडात धरली, जरा बोलती करावी म्हणून ओठ मिटले, आणि कट्.

बाहेर काढून बघितली. टोकावर माझ्या पुढच्या दोन दातांची चंद्रकोर. लपवायचं सुचलंच नाही. मी तशीच आत गेले आणि म्हटलं, ठकू, मी चावले. ती इस्त्री हातात धरून बघत राहिली. रडली असती तर बरं झालं असतं. तिने आधी इस्त्री नीट उभी ठेवली, मग पेटी उघडून बाकीच्या रीडा काढल्या. त्या दिवशी हवा कोरडी झाली होती आणि हवा फिरली की या बाया रुसतात. एक शिट्टी मारत होती, एक फुसफुसत होती, एक तर वारलीच होती. मास्तर न्यायला आले ते दारातच थबकले. मग मी कवळीची डबी पुढे केली.

ठकूने वास घेतला, डोळे मिटले आणि फुंकली. क्रा! काय सांगू, जिवंत कावळा! तीच, कचऱ्यातली हट्टी. माझ्या हिरड्यांनी तिचा हट्ट पार मऊ केला होता. ठकूने पात्याने दोन हलके हात फिरवले, परत फुंकली, आणि मास्तरांकडे बघून पहिल्यांदा हसली. “वासाचं काय करायचं?” तिने विचारलं. मास्तर म्हणाले, “परीक्षक पडद्यापलीकडे असतात. त्यांना वास येत नाही.”

खरंच पडदा असतो गं. कोण वाजवतंय ते दिसू नये म्हणून. बुटांचा आवाज नको म्हणून जमिनीवर सतरंजीसुद्धा. आम्ही दोघं बाहेर बाकावर. आतून एकामागून एक ओबो ऐकू येत होते, सगळे छानच, मला सगळे सारखेच. आणि मग एक सूर आला, जरा खरखरीत, मग सरळ, मग असा लांबत गेला की मास्तर मिशी चावायला लागले. मी त्यांचा हात धरला आणि म्हटलं, ही माझी आहे. सूर ठकूचा, पण जिभली माझी. ओळखू येते, आपल्या तोंडातलीच ती.

आलेल्यांतले बहुतेक परत गेले. ठकूला शेवटच्या फेरीला बोलावलंय, पुढच्या महिन्यात. घरी आल्यावर तिने पेटी माळ्याकडे नेली नाही, टेबलावर ठेवली आणि नवी काडी भिजत घातली. एवढंच तुला सांगायचं होतं. भाऊजींना नमस्कार, पोरांना पापे.

तुझी,
थोरली

ता. क. – मास्तर म्हणतात तुमच्या तोंडाचा काही संबंध नाही, हवा फिरली म्हणून ती रीड वाजली. पण पुढल्या रविवारी त्यांनी स्वतःच्या दोन रुंद रीडा गुपचूप माझ्या डबीशेजारी ठेवल्या. मी त्या वाटीत भिजत घातल्या.

ता. क. – आता खरं काम. ती हट्टी रीड शेवटच्या फेरीपर्यंत जगायची नाही. नव्या मुरवायला हव्यात, आणि मास्तरांच्या वेगळ्या. माझं एकटीचं तोंड पुरत नाही. तेव्हा दातांची घाई करू नकोस. डॉक्टरांना सांग, हिरड्या अजून भरल्या नाहीत, महिनाभर थांबा. आणि पहिल्या गाडीने इकडे निघून ये. तुझं तोंड लहानपणापासून माझ्यापेक्षा मोठं, बासून तुझ्याकडे.

ता. क. – ठकू म्हणते, शेवटच्या फेरीला आजी, तू दात घालून बाहेर बस, हसलीस की छान दिसतेस. मी म्हटलं, मध्ये भिंत, त्यात पडदा, तुला कुठे दिसणार? दात डबीतच राहू देत. दोघी बहिणी बाकावर बसू आणि बिनदातांच्याच हसू.