राखेतून मागं फिरताना

आबा, तू गेलास त्याला चाळीस वर्षं होत आली आणि इतक्या वर्षांत तुला काही सांगायचं राहिलंय असं वाटलं नव्हतं. गेल्या वर्षी लेकीच्या पहिल्या बाळंतपणाला ऑस्ट्रेलियाला निघाले. भर दुपारी विमानात जळक्या काड्यापेटीसारखा वास आला, मग विरळ धूर दिसायला लागला. खाली ज्वालामुखी उसळलाय आणि आपण त्याच्या राखेत शिरलोय, असं चालकानं सांगितलं. शेजारची पुण्याची बाई माझा हात धरून बसलेली. मी म्हटलं, "राखच हाय ना? राखेनं कुणाचं वाईट झालंय? आमच्या कुडपणला पाला-शेण जाळून राब भाजतात नि त्या राखेतच नाचणी पेरतात." ती रडता रडता म्हणाली, "अहो काकू, हे विमान आहे, तुमचं शेत नाही!" तेवढ्यात एका बाजूचं इंजिन थांबलं.

विमान कलून मागं वळलं आणि खाली उतरायला लागलं. लोक ओरडत होते. मी मात्र तुझी दहा वर्षांची लेक, आपल्या चढावरच्या राबात. वारा फिरलाय, धूर अंगावर येतोय आणि मी करडू पोटाशी धरून वर पळतेय. तू खालून ओरडतोस, "मागं फिर गो! धूरबी वरच चढतोय, त्याच्याशी शर्यत लावतेस काय? खाली ये!" आले, तर पाठीत धपाटा घातलास. म्हणून त्या बाईला मी ठाम सांगितलं, "मागं फिरून खाली उतरतोय, म्हणजे चालवणारा जाणता हाय. पोचवील." मोकळ्या हवेत आल्यावर इंजिन पुन्हा चालू झालं. जवळच्या विमानतळावर उतरलो तेव्हा चालकासमोरची काच घासून घासून पांढरी पडली होती. मी दोन दिवस उशिरा पोचले. नात माझ्याआधी आली होती, चांगली धडधाकट.

परत आल्यावर महाडच्या वाचनालयातून पुस्तक आणलं. ती राख नव्हतीच आबा, दळलेला दगड होता, इंजिनात वितळून चिकटणारा. मी मात्र त्या बाईला नाचणीच्या गोष्टी सांगत होते!

मालकांना जाऊन अकरा वर्षं झाली. वाचलेलं, लिहिलेलं सगळं मी त्यांच्या फोटोसमोर मोठ्यानं वाचते. हे वाचणार नाही. इंजिन थांबलं तेव्हा मी त्यांना हाक मारली नाही. तुला मारली.