सही करा नका थांबू

हेब्बाळ, बेंगळूर
शुक्रवार, ८ जुलै १९६६

प्रिय भागू,

मंगळवारी तू सुजलेल्या पायांनी दोन बस बदलून इतक्या लांब आलीस, तासभर बसलीस आणि कॉफी पिऊन गेलीस. पण आपण बोललो कुठे? दिवाणखान्यात तुझे आतोबा आणि त्यांच्याभोवती सल्ला घ्यायला आलेली आठ-दहा माणसं. तू माझ्या कानाशी एवढंच पुटपुटलीस, "आत्या, सोमवारपर्यंत मुदत आहे, मी ह्यांना काय कळवू?" तेवढ्यात कुणीतरी मला हाक मारली. मी नुसता तुझा हात दाबला. त्याचा अर्थ तू काय घेतलास, हे मला तीन दिवस टोचतं आहे.

म्हणून लिहायला बसले आहे. दुपारची वेळ आहे, हे आत झोपलेत. कृष्णाबाई संध्याकाळी बळेपेठेत भावाकडे जाते आहे, तिच्या पिशवीतून हे पत्र तुझ्यापर्यंत येईल. फाटकावरच्या नागनाथाला आल्यागेल्याचं नाव वहीत लिहावं लागतं. स्वयंपाकिणीच्या पिशवीत तो हात घालत नाही, एवढं बरं आहे. दिल्ली सोडून इथं तळ्याकाठी घर बांधलं ते ह्यांना शांतता हवी म्हणून. ह्यांना शांतता मिळाली, मला पोलीस मिळाला! चिकपेठेत जाऊन स्वतः निवडून लुगडं घेतल्याला मला चौदा वर्षं झाली. दुकानदार गठ्ठेच्या गठ्ठे घरी पाठवतात आणि "अक्का, तुम्ही ठेवाल ते ठेवा" म्हणतात. तुला वाटेल म्हातारी सुखात लोळते आणि कुरकुरते. वाटू दे.

तुझी अडचण मला नीट कळली आहे. तुझे विश्वासराव महागाईच्या मोर्चात पकडले गेले, त्याला दोन महिने होतील. पुन्हा सभा-मोर्चात जाणार नाही असं लिहून सही दिली, तर सोमवारी सोडतील. नाहीतर किती महिने, कोण जाणे. तुला आठवा लागलेला, डॉक्टरीणबाईंनी पडून राहायला सांगितलेलं, घरात सासूबाईंना डोळ्यांनी दिसत नाही. आणि विश्वासराव निरोप पाठवतात, "भागू म्हणेल तसं." पुरुषांना हे फार छान जमतं. धोंडा उचलायचा आपण, आणि वर मान दिला म्हणून खूश व्हायचं.

आता तू मला विचारलंस ते का, हेही मला ठाऊक आहे. मी 'थांबू अक्का' ना! त्रेचाळीस साली नवरा तुरुंगात, चार वर्षांची चंपा तापानं फणफणलेली, तरी जिनं नवऱ्याला कळवलं, "सही करा नका, थांबू." ही गोष्ट तू माझ्या मांडीवर बसून ऐकली आहेस. शाळेच्या समारंभात तू ती नऊवारी नेसून करूनही दाखवली होतीस आणि मी पहिल्या रांगेत बसून टाळ्या वाजवल्या होत्या. भागू, ती गोष्ट खरी नाही.

नीट सांगते. ह्यांना परगावच्या तुरुंगात हलवलं होतं, भेटी बंद होत्या. एक ओळखीचा वॉर्डर महिन्यातून एकदा चटणीपुडीची पुडी आत पोचवायचा, तीत दोन बोटं रुंद चिठ्ठी मावायची. लिहायची मोडीत, म्हणजे दुसऱ्या कुणाच्या हाती पडली तरी वाचता येऊ नये. मोडीत शब्द तोडत नाहीत, स्वल्पविराम नाही, पूर्णविराम नाही, सगळं एका दमात. चंपाचा ताप अकराव्या दिवशीही उतरेना. रात्रंदिवस ती "अप्पा" म्हणून दाराकडे बघायची. मी चिठ्ठी लिहिली, "चंपा फार आजारी सही करा नका थांबू."

मी बेळगावला मामांकडे शिकले हे तुला माहीत आहे. माझ्या तोंडी पहिल्यापासून 'करू नका'. मला म्हणायचं होतं, सही करा, नका थांबू. पण ह्यांचं घराणं तीनशे वर्षं इथलं. ह्यांच्या घरात, तुझ्याही सासरी, 'करू नका' कुणी म्हणतच नाही. 'करा नका', 'जा नका', 'रडा नका'. लग्न होऊन आले तेव्हा मी ह्या बोलण्याला हसायचे आणि सासूबाई माझ्या बोलण्याला. ह्यांनी ती चिठ्ठी आपल्या आईच्या भाषेत वाचली. सही करा नका. थांबू. त्यांना वाटलं, बायको म्हणते आहे, आम्ही थांबू.

चिठ्ठी गेल्यावर अठरा दिवसांनी चंपा गेली. ते अठरा दिवस रस्त्यावर टांगा थांबला की मी दारात जायचे.

हे सुटले ते चव्वेचाळीसच्या अखेरीला. सिटी स्टेशनवर ही गर्दी, 'व्यंकोजीराव की जय'चा गजर. मी हार घेऊन उभी होते. मनात ठरवलं होतं, घरी गेल्यावर एकच प्रश्न विचारायचा, का नाही आलात? पण ह्यांनी फलाटावरच खिशातून ती चिठ्ठी काढली आणि लोकांना वाचून दाखवली. 'नका' म्हणून क्षणभर थांबले, मग 'थांबू' म्हणाले, आणि हमसून हमसून रडले. हा माणूस मी कधी रडताना पाहिला नव्हता. बायका माझ्या पाया पडायला लागल्या. त्या क्षणी मला सगळं कळलं आणि त्याच क्षणी माझं तोंड बंद झालं. तोंड दाबून बुक्क्यांचा मार म्हणतात तो हाच.

मग गाडं कुठे थांबतंय! बावन्नची निवडणूक, ह्यांचं मंत्रिपद, पुढं दिल्ली, साऱ्या देशभर दौरे. आता तर दोन पुढारी भांडले की निवाड्याला इथं येतात. प्रत्येक सभेत ती चिठ्ठी. मी हे सगळं नुसतं सोसलं असंही नाही, भागू. खोटं कशाला बोलू? मला मानाची खुर्ची आवडली. हळदीकुंकवाला बायका ती गोष्ट ऐकायला जमायच्या तेव्हा मीही ती रंगवून सांगितली आहे, चंपाचं नाव घेऊन सांगितली आहे. त्याची मला आज लाज वाटते. दिल्लीत एकदा धीर करून ह्यांना म्हटलं, "अहो, मला तसं म्हणायचं नव्हतं." हे हसले. म्हणाले, "राजलक्ष्मी, तुझा हा विनय स्वल्प कमी कर." झालं! माझं खरं बोलणंही माझ्या मोठेपणात जमा झालं.

पुन्हा का नाही बोलले, ते आजवर कुणाला सांगितलेलं नाही. मला भीती वाटते. त्यांनी चुकीचं वाचलं, तोवर मला म्हणता येतं की नीट वाचलं असतं तर हे आले असते, मांडीवर चंपाला घेतलं असतं. उद्या मी समोर बसून उलगडून सांगितलं आणि हे म्हणाले, "मला तेव्हाही कळलं होतं", तर? मग मी ह्या घरात कुणाबरोबर राहते आहे? ह्या एका प्रश्नाला घाबरून मी बावीस वर्षं गप्प बसले. तुरुंगात हे सव्वादोन वर्षं होते.

काल सकाळी ह्यांनी मला बोलावलं. तुझी चौकशी केली, पकडणारं सरकार आपल्याच पक्षाचं आहे म्हणून स्वल्प हळहळले. मग म्हणाले, "भागूला धीर दे. मला लिहिलीस तशीच चिठ्ठी तिला लिही. तुझ्या हातची एक ओळ आली की पोरगी खचणार नाही. विश्वासरावही माझ्यासारखाच तावूनसुलाखून निघेल." मी "सरी, लिहिते" म्हटलं. ही ती चिठ्ठी. विश्वासरावांनी सही करावी की करू नये, हे मी सांगणार नाही. त्यांचं मन मला माहीत नाही आणि त्यांच्या झगड्याला मी कमीही लेखत नाही. पण ते तुला घरी हवे आहेत, तुला भीती वाटते आहे, पाय सुजलेत, एकटीला बाळंतपण झेपणार नाही, हे सगळं लिही. सबंध पानभर लिही. माझ्यासारखं शूर दिसू नकोस. मग त्यांना काय ठरवायचं ते ठरवू दे, पण तुझं खरं वाचून ठरवू दे. हे पत्र लपवू नकोस, कुणी माझं उदाहरण द्यायला आलं तर खुशाल त्याच्या हातात ठेव. आता हे उठतील, कॉफी मागतील आणि विचारतील, लिहिलीस का चिठ्ठी? मी हो म्हणेन. काय लिहिलंस, हे ते विचारणार नाहीत. ते त्यांना आधीच माहीत असतं.

तुझीच, तू मला खरी ओळखावंस अशी इच्छा असलेली,
राजलक्ष्मी आत्या